डेटाबेसमध्ये बग सापडला? थांबा, आधी ‘वाडीवऱ्हे’ची गोष्ट वाचा

दिवाळीनंतरचे दिवस होते. भात कापून, झोडून झालं होतं आणि इगतपुरी तालुक्यातल्या गिरण्यांवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. घोटीत माझ्या काकांची छोटीशी भात गिरणी आहे. कोणत्या गावाहून, कोणाचं, किती पोती भात भरडायला आलं, याचा हिशेब मी लिहून दिलेल्या एका साध्या ॲपवर चालतो. त्या ॲपच्या मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे.

संध्याकाळी काकांचा फोन आला. “अरे, वाडीवऱ्ह्याची तेवीस पोती उतरवलीत आणि तुझं ॲप चौदाच दाखवतंय. माणूस समोर उभा आहे माझ्या.”

नऊ पोती म्हणजे गंमत नाही. पावसाळाभर चिखलात उभं राहून पिकवलेलं भात असतं ते. मी इगतपुरीहूनच लॅपटॉप उघडला. सगळ्या नोंदी एकत्र पाहिल्या तर तेवीसच्या तेवीस पोती दिसत होती. पण ‘गाव = वाडीवऱ्हे’ असं विचारलं की चौदा. उरलेल्या नऊ पोत्यांच्या नोंदींसमोरही गाव ‘वाडीवऱ्हे’च होतं. मी डोळे फाडून बघितलं. काना, मात्रा, जोडाक्षर, सगळं सारखं.

खरं सांगतो, काळजीबरोबर थोडा आनंदही झाला. म्हटलं, मला पोस्टग्रेसमध्ये बग सापडला! मराठी मजकुरासाठी ‘बरोबर’चं चिन्हच चालत नाही!

सापडला होता का? ते पुढे येईलच. पण त्या रात्री मला एक गोष्ट नीट कळली. बग सापडणं एक आणि तो नीट सांगता येणं दुसरं. आज त्याबद्दल बोलू.

डेटाबेस तुमच्या खिशातही आहे

‘मी कुठे डेटाबेस वापरतो?’ असं वाटत असेल तर हातातल्या फोनकडे बघा. अँड्रॉइड असो की आयफोन, त्यात एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतोच. कॉन्टॅक्ट, मेसेज, ब्राउझरची हिस्ट्री अशा कितीतरी गोष्टी त्यात ठेवल्या जातात. पोस्टग्रेस (पूर्ण नाव पोस्टग्रेएसक्यूएल) हा त्याच जातीचा, पण मोठा भाऊ. तो सर्व्हरवर बसतो आणि एकाच वेळी शेकडो लोकांची कामं सांभाळतो.

दोघेही ‘रिलेशनल’. म्हणजे माहिती टेबलांमध्ये ठेवायची, प्रत्येक नोंद एक ओळ, आणि हवं ते एसक्यूएल या भाषेत विचारायचं. ‘वाडीवऱ्ह्याची पोती किती?’ हा तसाच प्रश्न.

दोघांचा सोर्स कोडही कोणालाही वाचता येतो, फुकट वापरता येतो. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधन प्रकल्पातून झाली. आज तो कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरातले इंजिनिअर त्यावर काम करतात, आणि त्यात पुण्यात बसून काम करणारेही आहेत.

आता यातली अडचण बघा. मालकच नाही, तर तक्रार कोणाकडे करायची? फोन उचलणारं कस्टमर केअर नाही, ‘आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है’ नाही. बग रिपोर्ट पाठवण्याची सोय आहे, आणि तो रिपोर्ट सगळ्यांसमोर, जाहीरपणे वाचला जातो. वाचणारी माणसं तुम्हाला ओळखत नाहीत, तुमचं ॲप त्यांनी पाहिलेलं नाही आणि वाडीवऱ्हे कुठे आहे हेही त्यांना माहीत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये जे लिहिलंय तेवढंच त्यांच्या हातात असतं.

‘चालत नाही’ हा रिपोर्ट नाही

प्ले स्टोअरवर एक स्टार देऊन आपण लिहितो, ‘बकवास ॲप, चालत नाही’. राग निघतो, पण दुरुस्त करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं नाही’ म्हणण्यासारखंच हे. काय होतंय, कधीपासून, काय खाल्लं होतं, हे सांगावंच लागतं.

बग कसा कळवावा यावर पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत एक वेगळा भागच आहे. त्याचं सार माझ्या शब्दांत असं:

- जे घडलं तेच सांगा, तुमचे अंदाज नको. ‘इंडेक्स बिघडलाय बहुतेक’ यापेक्षा ‘हा प्रश्न विचारला, हे उत्तर आलं’ हे कामाचं.
- अगदी रिकाम्या टेबलापासून सुरुवात करून, त्याच क्रमाने सगळ्या पायऱ्या द्या. टेबल कसं बनवलं, त्यात काय भरलं आणि मग काय विचारलं. नुसता शेवटचा प्रश्न देऊन उपयोग नाही.
- काय उत्तर आलं ते द्या, आणि तुम्हाला काय अपेक्षित होतं तेही द्या. समोरच्याला आलेलं उत्तर बरोबरच वाटू शकतं.
- पोस्टग्रेसची नेमकी आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम सांगा.
- उदाहरण जितकं छोटं करता येईल तितकं चांगलं. पण नाही जमलं तरी अडून बसू नका. बग पुन्हा घडवून दाखवता येत असेल तर तो सापडतोच.

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. सगळं मिळून उद्देश एकच: दूरवरच्या अनोळखी माणसाला त्याच्या स्वतःच्या मशीनवर तोच बिघाड घडवता आला पाहिजे. इंजिनिअर लोक याला ‘रिप्रोड्यूस करणं’ म्हणतात. रेसिपीच समजा. माझ्याकडे भाजी खारट झाली, हे सांगून उपयोग नाही. तुमच्या घरी, याच मापाने केली तरी खारटच होते, हे दाखवायचं.

रिपोर्ट लिहायला बसलो आणि…

मीही लिहायला बसलो. रिकामं टेबल बनवलं, त्यात ‘गाव’ हा एकच कॉलम. दोन ओळी भरल्या, दोन्हींत ‘वाडीवऱ्हे’. मग विचारलं, गाव वाडीवऱ्हे असलेल्या ओळी दे. अपेक्षित उत्तर दोन, आणि बग असेल तर एक.

उत्तर आलं: दोन.

म्हणजे बग गायब! ‘बरोबर’चं चिन्ह व्यवस्थित चालत होतं. इथे बरेच जण वैतागून सोडून देतात, किंवा ‘कधीकधी होतं’ असं लिहून रिपोर्ट पाठवून देतात. पण बिघाड पुन्हा घडला नाही, हीसुद्धा माहितीच असते. खऱ्या डेटात असं काहीतरी होतं जे माझ्या नकली डेटात नव्हतं.

फरक काय? मी दोन्ही ओळी माझ्या लॅपटॉपवर, एकाच कीबोर्डने टाइप केल्या होत्या. गिरणीत मात्र दोघं नोंदी करतात. काका आत कॉम्प्युटरवर, आणि माझी चुलत बहीण बाहेर काट्याजवळ उभी राहून फोनवर.

मग मी खऱ्या नोंदींतली एक काकांची आणि एक बहिणीची अशी दोन गावं कॉपी करून त्या छोट्या टेबलात टाकली. आता उत्तर आलं: एक. बिघाड परत आला! पुढचा प्रश्न डेटाबेसलाच विचारला, यातल्या प्रत्येक शब्दाची लांबी किती? पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहेत. एका वाडीवऱ्हेची लांबी निघाली ९ चिन्हं, २७ बाइट. दुसऱ्याची १० चिन्हं, ३० बाइट.

दिसायला जुळे, पण एकाच्या पोटात एक चिन्ह जास्त.

दिसायला एक, आत दोन

कॉम्प्युटर अक्षर ओळखतो ते नंबरने. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक नंबर दिलेला आहे, आणि नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं.

आता ‘ऱ्ह’ बघा. वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, वाडीवऱ्हे, यातला हा अर्धा र मराठीची खासियत. तो लिहायचे दोन मार्ग आहेत:

१. ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग ह.
२. साधा ‘र’, मग हलन्त, मग एक न दिसणारं चिन्ह, मग ह.

हे न दिसणारं चिन्ह म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. रुंदी शून्य, काम फक्त एक: शेजारच्या अक्षरांनी कसं जोडायचं ते सांगणं. ते नसेल तर साधा र आणि ह मिळून रफार होतो आणि गावाचं नाव ‘वाडीवर्हे’ दिसायला लागतं. कुठलं कीबोर्ड ॲप पहिला मार्ग घेतं, कुठलं दुसरा. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखेच उमटतात. फोनवरून आलेल्या नऊ पोत्यांचं वाडीवऱ्हे दुसऱ्या मार्गाने आलं होतं.

पोस्टग्रेस नेहमीच्या सेटिंगमध्ये मजकूर ‘समान’ तेव्हाच म्हणतो, जेव्हा आतले बाइट तंतोतंत जुळतात. इथे २७ आणि ३० होते. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी गावं होती, आणि तो अगदी बरोबर होता.

युनिकोडमध्ये अशा जुळ्यांना एका रूपात आणायची सोय आहे, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून (२०२०) त्यासाठी फंक्शनही आहे. पण ते इथे अर्धंच कामी येतं. ‘ऱ’ आणि ‘र + नुक्ता’ यांना ते एक करतं. न दिसणाऱ्या जॉइनरवाल्या रूपाला मात्र हात लावत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ती दोन रूपं एकच मानलेली नाहीत. म्हणून शेवटी मी ॲपमध्येच नियम घातला: ‘र, हलन्त, जॉइनर’ आलं की त्याचं ‘ऱ, हलन्त’ करायचं. आणि गाव हाताने टाइप करायचंच नाही, यादीतून निवडायचं.

म्हणजे बग होता, पण माझ्या ॲपमध्ये. पोस्टग्रेसला बदनाम करणारा तो रिपोर्ट मी पाठवलाच नाही. तो लिहिता लिहिताच उत्तर सापडलं, आणि असं खूपदा होतं. बिघाड छोटा करत नेला की चूक आपली आहे की दुसऱ्याची, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

आणखी एक गंमत. मी रिपोर्टमध्ये नुसता स्क्रीनशॉट लावला असता तर? फोटोत दोन्ही वाडीवऱ्हे सारखेच दिसले असते. जो फरक शोधायचा तोच फोटोने पुसून टाकला असता. म्हणून नियम लक्षात ठेवा: मजकुराचा बग असेल तर मजकूर पाठवा, फोटो नको.

मग चूक खरंच डेटाबेसची असते का?

असते की. आणि अशा एका चुकीची गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे.

पुण्यातले पवन देवलसी हे पोस्टग्रेसमधलं जुनं, मानाचं नाव. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ या आवृत्तीत ‘हॉट’ नावाची एक महत्त्वाची सुधारणा होती, तिचं श्रेय प्रामुख्याने त्यांना दिलं जातं. ही सुधारणा काय होती ते गिरणीच्या वहीवरून समजून घेऊ, कारण पुढचा बग तिच्याच काठावर आहे.

समजा, वहीच्या पानांवर शेतकऱ्यांच्या नोंदी आहेत आणि वहीच्या शेवटी गावानुसार सूची आहे: वाडीवऱ्हे, पान १२, ओळ ४. या सूचीला डेटाबेसमध्ये इंडेक्स म्हणतात. ती नसेल तर एक नोंद शोधायला अख्खी वही चाळावी लागते.

पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलताना जुनी ओळ खोडून त्याच जागी लिहीत नाहीत. नवी ओळ लिहितात. मग सूचीतही नवा पत्ता लिहायला हवा. पण बदललंय फक्त पोत्यांचं वजन, गाव तेच आहे, तर गावाची सूची कशाला छेडायची? त्याच पानावर जागा असेल तर नवी ओळ तिथेच लिहा आणि जुन्या ओळीपासून नव्या ओळीकडे बाण काढा. सूची जुन्या ओळीकडे नेते, बाण नवीकडे नेतो. काम वाचलं. ही झाली ‘हॉट’ची कल्पना.

अट एकच: ज्या रकान्याची सूची आहे, तो रकाना बदललेला नसावा. म्हणून नोंद बदलणाऱ्या प्रत्येक कारकुनाकडे एक चिठ्ठी असते: कोणकोणत्या रकान्यांच्या सूच्या आहेत.

आता दुसरी गोष्ट. चालू गिरणीत नवी सूची बनवायची आहे, समजा फोन नंबरची. साध्या पद्धतीत सूची बनेपर्यंत नव्या नोंदी आणि बदल थांबतात. हा झाला मेगाब्लॉक. कसाऱ्याच्या घाटात ब्लॉक घेतला की इगतपुरीच्या फलाटावर काय होतं ते आम्हाला विचारा! म्हणून पोस्टग्रेसमध्ये ब्लॉक न घेता सूची बनवायचीही सोय आहे. त्या आदेशाचं नाव ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’. त्यात आधी सगळ्या कारकुनांना कळवतात की आता फोन नंबरचीही सूची होणार आहे, चिठ्ठ्या बदला. ज्यांचं काम अर्ध्यावर आहे ते संपेपर्यंत थांबतात. मगच सूची लिहायला घेतात.

बग इथे होता. एखादा कारकून आपली चिठ्ठी नव्याने लिहीत असतानाच, नेमक्या त्या क्षणी ‘बदला’ हा निरोप आला, तर त्याच्या हातात जुन्या यादीवरून लिहिलेली चिठ्ठी राहायची आणि तो तिला ताजी समजायचा. मग तो कोणाचा फोन नंबर बदलतानाही फक्त बाण काढून मोकळा व्हायचा, नव्या सूचीत नोंद करायचाच नाही. पुढे कोणी नव्या नंबरने शोधलं, तर उत्तर यायचं ‘असा कोणी नाही’. माणूस वहीत असायचा, पण सूचीला त्याचा पत्ता नसायचा.

माझ्या नऊ पोत्यांसारखंच दिसतंय ना? नोंद आहे, पण शोधलं की सापडत नाही. फरक इतकाच की या वेळी चूक खरोखर डेटाबेसची होती.

शंका आधी स्वतःवर

देवलसी यांना हा बग कसा सापडला, ते बघण्यासारखं आहे. ते तेव्हा एका नव्या सुधारणेवर काम करत होते आणि तिच्यावर भरपूर ताण टाकून चाचण्या घेत होते. चाचणीत डेटा जुळेना. त्यांची पहिली शंका स्वतःच्या नव्या कोडवर होती, आणि ते साहजिकच होतं. बऱ्याच शोधानंतर कळलं की त्यांचा नवा कोड काढून टाकला तरी बिघाड होतोच. मग मागच्या आवृत्त्या तपासल्या. तेव्हा सपोर्ट असलेल्या, थेट ९.२ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांत बग होता. ९.२ ही २०१२ सालची. म्हणजे निदान चार वर्षं तो जगभरच्या सर्व्हरवर गुपचूप बसून होता.

का दिसला नाही इतके दिवस? कारण तो वेळेच्या फटीत लपलेला होता. दोन गोष्टी नेमक्या एका क्षणी घडल्या तरच तो उगवायचा. अशा बगला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. कोणाला एखादी नोंद सापडली नसेल तर त्याने बहुधा आपलंच काहीतरी चुकलं म्हणून सूची पुन्हा बनवली असेल आणि पुढे गेला असेल.

२०१७ च्या जानेवारीअखेरीस देवलसी यांनी हे सगळं जाहीरपणे मांडलं. सोबत बिघाड घडवून दाखवणारी छोटी चाचणी जोडली: एकीकडे सूची पुन्हा पुन्हा काढायची आणि बनवायची, दुसरीकडे एकाच वेळी अनेक जणांनी नोंदी बदलायच्या. काही फेऱ्यांतच गडबड दिसायची. रिपोर्टची खरी ताकद त्या चाचणीत होती. ‘इंडेक्स कधीकधी बिघडतो’ एवढंच लिहिलं असतं, तर किती जणांनी मनावर घेतलं असतं?

मग सुरू झाली चर्चा. दुरुस्तीचे एकापेक्षा जास्त मार्ग सुचवले गेले आणि कोणता कमी धोक्याचा यावर वाद झाला. पुढची नियोजित आवृत्ती अवघ्या काही दिवसांवर होती, त्यामुळे दुसराही प्रश्न आला. इतकी वर्षं असलेल्या बगसाठी नाजूक कोड घाईत बदलायचा का? की लोकांचा डेटा बिघडतोय हे माहीत असताना पुढच्या खेपेपर्यंत थांबायचं? दोन्ही बाजूंत दम होता. शेवटी एक छोटी, सुटसुटीत दुरुस्ती स्वीकारली गेली आणि ९ फेब्रुवारी २०१७ ला ९.६.२ आणि जुन्या आवृत्त्यांचे अपडेट आले. त्यातल्या या दुरुस्तीसमोर नावं आहेत पवन देवलसी आणि टॉम लेन यांची.

रिपोर्ट ते दुरुस्ती, साधारण दहा दिवस!

पण एक गोष्ट सोबत सांगितली गेली, ती विसरू नका. अपडेट घेतल्यावर बग पुढे होणार नाही, पण आधी बिघडलेली सूची आपोआप सुधारत नाही. शंका असेल तर ती सूची पुन्हा बनवावीच लागते. नळ दुरुस्त झाला म्हणून टाकीतलं गढूळ पाणी स्वच्छ होत नाही.

आणि असे बग एकदाच येऊन संपत नाहीत. जून २०२२ मध्ये याच ‘ब्लॉक न घेता सूची’ बनवण्याच्या सोयीत, १४व्या आवृत्तीपुरता, वेगळ्या कारणाने असाच बिघाड निघाला. त्यासाठी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर १४.४ ही आवृत्ती काढावी लागली. कोड लिहिणारी माणसंच आहेत. फरक इतकाच की इथे चूक लपवली जात नाही. कोणती आवृत्ती, काय बिघाड, काय करा, सगळं नोंदवून ठेवतात आणि ते कोणीही वाचू शकतो.

‘हा बग नाही’ म्हणाले तर?

वाईट वाटून घेऊ नका. उत्तरं साधारण चार प्रकारची येतात: ‘हो, बग आहे’, ‘आमच्याकडे घडत नाही, अजून माहिती द्या’, ‘नव्या अपडेटमध्ये दुरुस्त झालंय’, आणि ‘हे असंच असायला हवं’. चौथं उत्तर ऐकायला कडू लागतं, पण त्यातही शिकायला मिळतं.

उदाहरण मराठीचंच घ्या. यादी लावताना ‘ळ’ कुठे यावा? आपल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट. युनिकोडच्या नंबरांत मात्र ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये, आणि क्ष तर क मध्येच जातो, कारण तो क, हलन्त आणि ष असा लिहिला जातो. डेटाबेसला नुसतं नंबरांनी लावायला सांगितलं तर ‘काळुस्ते’ हे गाव ‘कावनई’च्या आधी येणार. मराठी माणसाला हे चूक वाटतं, पण डेटाबेसने सांगितलं तेच केलंय. मराठीच्या क्रमाने हवं असेल तर तशी क्रमवारी निवडायला हवी. हा बग नाही, पण प्रश्न रास्त आहे. म्हणून भाषा आरोपाची न ठेवता विचारण्याची ठेवावी. ‘मला हे अपेक्षित होतं, हे मिळालं, माझं काही चुकतंय का?’ असं विचारलं की दार उघडं राहतं.

पाठवायच्या आधी हे तपासा

१. सगळ्यात नवं छोटं अपडेट घातलंय का? पोस्टग्रेसचे असे अपडेट साधारण दर तीन महिन्यांनी येतात. बग आधीच मेलेला असू शकतो.
२. रिकाम्या टेबलापासून बिघाड पुन्हा घडतो का? दोनदा करून बघा.
३. ॲप बाजूला ठेवून थेट डेटाबेसला विचारलं तरी घडतो का?
४. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, आलेलं उत्तर, अपेक्षित उत्तर: चारही लिहिलंय का?
५. खऱ्या माणसांची नावं, फोन नंबर काढलेत का? रिपोर्ट जाहीर असतो आणि तो तिथेच राहतो. नकली नावं घाला. पण नकली डेटावर बिघाड होतोय ना, हे पुन्हा तपासा!
६. बगमुळे कोणी दुसऱ्याच्या माहितीत घुसू शकतं असं वाटतंय का? मग तो जाहीर टाकू नका. सुरक्षेच्या बगसाठी पोस्टग्रेसचा खासगी ईमेल पत्ता वेगळा आहे, तिथेच पाठवा.
७. इंग्रजी कच्चं आहे? चालतं. छोटी वाक्यं लिहा. पायऱ्या नीट असतील तर व्याकरण कोणी बघत नाही.

पोस्टग्रेस वापरत नसाल तरी हे सगळं फोनमधल्या कुठल्याही ॲपला लागू आहे. पुढच्या वेळी एखादं ॲप बिघडलं की एक स्टार द्यायच्या आधी तीन ओळी लिहा: मी काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. सोबत फोनचं मॉडेल आणि ॲपची आवृत्ती. मराठी कीबोर्डवर, मराठी नावांवर बिघडणाऱ्या गोष्टी तर आपणच सांगायला हव्यात. ज्याने ‘वऱ्हाड’ कधी टाइपच केलं नाही, त्याला तो बिघाड दिसणार तरी कसा?

गिरणीचं काय झालं? त्याच रात्री मी नऊ नोंदी दुरुस्त केल्या. काकांनी पुन्हा वाडीवऱ्हे शोधलं, तेवीस पोती दिसली. मी त्यांना उत्साहाने न दिसणाऱ्या चिन्हाबद्दल सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे तुझीच चूक होती ना? मग उद्या त्या माणसाला तूच सांग.”

सांगितलं. माझ्या ॲपवरचा तो पहिला बग रिपोर्ट होता. दिला होता काकांनी, फोनवर, दोन वाक्यांत. काय अपेक्षित होतं आणि काय दिसतंय, दोन्ही त्यात होतं.